कुंपणाच्या आतला मोह

अन्याय सोमरीबाईवर झाला. केव्हा, तेही सांगते. यंदा मोहफूल पडायला लागलं त्या पहिल्याच सकाळी, आश्रमशाळेचं गेट उघडायच्या आधी. तिच्या झाडाची फुलं खराट्यानं गोळा झाली आणि कचऱ्यात गेली. ती कुंपणाबाहेर रिकामी टोपली घेऊन उभी होती.

मी आर्किटेक्ट आहे. एटापल्ली तालुक्यातल्या या शाळेचा नवा कॅम्पस आमच्या नागपूरच्या ऑफिसनं डिझाइन केला. निसर्गप्रेरित. म्हणजे इमारतीनं जंगलाकडून शिकायचं. वारुळात असतात तशा उभ्या पोकळ्या भिंतींत ठेवल्या, त्यातून गरम हवा वर निघून जाते. छपरं पानासारखी उतरती. खिडक्यांच्या जाळीतून कवडसे असे पडतात की वर्गात बसलेलं पोर सागाच्या बनात बसल्यासारखं दिसतं. व्हरांड्यातले दिवे मोहफुलाच्या आकाराचे. चौकाच्या टोकाला, कुंपणाला लागून, जुना मोह. आमच्या भाषेत तो फोकल पॉइंट. आत शिरणाऱ्याची नजर जिथं जाऊन थांबते ती जागा.

खोटं कशाला बोलू, हे सगळं सुंदर आहे. पोरं राहायला आली होती, उद्घाटन बाकी होतं; त्याआधीच्या तपासणीसाठी मी तिथं मुक्कामाला होते. पहाटे वासानं जाग आली. गोड, जड, ओलसर वास. बाहेर उजेड अजून दुधी होता. झाडावर पान नव्हतं, नुसते झुबके. एक फूल पडायचं, टप्. मग बराच वेळ काही नाही. मग दोन-तीन सोबतच. दूर रानात कुठेतरी हेच चाललं असणार, मैलोगणती, कुणी बघत नसताना. मी पायरीवर बसले ती उठलेच नाही. अंगात झोप होती आणि डोळे उघडे होते.

मग खराटा वाजला. गेट उघडायच्या आत चौक झाडून घ्यायचं काम शिपायाचं.

"ए पोरी, थांबव त्याले! माहं फूल आहे ते!"

कुंपणापलीकडे सोमरीबाई. मी धावत गेटवर गेले. चौकीदार गावातलाच. तो मान खाली घालून म्हणाला, "सात वाजल्याबिगर गेट खोलता येत नाई, मॅडम. मले सक्त ऑर्डर आहे."

"अस्वल आलं तर त्याले बी सातची वेळ सांगशील का रे?" सोमरीबाईनं विचारलं.

"अस्वल ऐकत नाई, काकी. तू ऐकतं म्हणून सांगून राह्यलो."

ती हसली. हसता हसता रडली.

शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. इकडे मोहाचं प्रत्येक झाड कुठल्या ना कुठल्या घराचं असतं. कागद नसतो, पण गावाला ठाऊक असतं. दुसरा त्याखालचं फूल उचलत नाही. त्या घरानं झाडाखालची जमीन साफ करायची, पहाटे वेचायचं, अंगणात वाळवायचं. सोमरीबाई एकटी राहते. वाळलेलं फूल हेच तिचं वर्षभराचं खाणं आणि बाजार. बाकीची झाडं दिरांकडे, तिच्याकडे हे एकच.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते सावली तालुक्यातले, सरळ माणूस. "माह्या वसतिगृहात पोरी झोपतात. पहाटे अंधारात गेट उघडू? काही झालं तर तुम्ही येणार का?" त्यांचं बरोबर होतं. मग ते म्हणाले, शिपाई फुलं गोळा करून बाईला नेऊन देईल.

सोमरीबाईनं ऐकून घेतलं. "माह्याच झाडाचं मले दान काऊन?"

मग उरलं कुंपण. झाड त्याला लागूनच होतं. जाळी आत वळवली, झाडाला वळसा घातला, की झाड बाहेर, पोरी सुरक्षित, आणि फांद्यांची सावली तरीही चौकात. मी जमिनीवर काडीनं रेघ ओढून सरांना, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकांना, फोन लावला.

"फोकल पॉइंट कॅम्पसच्या बाहेर? वेडी आहेस का?"

"नजर जाळीतून जाते सर. टोपली जात नाही."

"आपण झाड वाचवलं! दुसऱ्यानं कापलं असतं. कॉलेजातली ती मोर्चे काढायची, पत्रकं वाटायची सवय ऑफिसात आणू नकोस."

मी ती सवय आणली. फोन ठेवला आणि सोमरीबाईसोबत ग्रामसभेत गेले. तिथं मी फार बोलले. गावानं शांतपणे ऐकलं, कारण मी पाहुणी होते. मग सोमरीबाई उठली. "शाळेले जागा आपण दिली. शाळा पायजेच. पण झाड कोणी देल्लं? सांगा, मी बसतो खाली." सभेनं ठरवलं, कुंपण सरकेपर्यंत शाळेच्या पुढच्या इमारतीसाठी गाव जागा देणार नाही. तिचंही काम आमच्याच ऑफिसकडे होतं.

सरांनी लगेच नवा नकाशा पाठवला. त्यात कुंपण झाडाभोवती नदीसारखं वळत होतं. खाली लिहिलं होतं, 'नदीच्या वळणातून प्रेरित'.

जाळी सरकली तेव्हा झाडावर तांबूस पालवी आली होती. फूल संपलं होतं. सोमरीबाईचं यंदाचं वर्ष गेलं, ते कुणी भरून दिलं नाही. मी एवढंच शिकले की झाड उभं ठेवणं आणि झाड ज्याचं त्याच्याकडे ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आमच्या कॉलेजात त्यातलं फक्त पहिलं शिकवतात.

तुमच्याही गावात शाळा, दवाखाना, बाग काहीतरी बांधलं जाणार आहे. नकाशा घेऊन माणूस येईल, हिरव्या रंगात गोल गोल झाडं दाखवेल. त्याला भर सभेत एकेका गोलावर बोट ठेवायला लावा आणि विचारा, हे कुणाचं? त्याला सांगता आलं नाही, तर आखणीची खुंटी ठोकू देऊ नका.