बिडीशिवायची सुट्टी

"तुम्ही बिडी-सिगारेट ओढता का?" डॉक्टरांनी विचारलं. आजारी मी होते, खोकत मी होते, पण प्रश्न त्यांनी माझ्या नवऱ्याला केला.

"नाही जी, मी सुपारीबी खात नाही," नवरा म्हणाला. ते खरं होतं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "स्वयंपाक चुलीवर करता?" मी हो म्हणाले. तेही खरंच होतं. झालं, कागदावर उतरलं, चुलीचा धूर. निम्मी गोष्ट लिहायची राहिली हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. दोघंही मुकाट बसलो.

आजाराचं नाव सीओपीडी. पूर्ण नाव क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. म्हणजे वर्षानुवर्षं धूर आत जाऊन श्वासाच्या नळ्या सुजतात, आकसतात, आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होतात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, म्हणून नवी हवा घ्यायला जागा उरत नाही. डॉक्टर म्हणाले, "हा आजार पूर्ण बरा होत नाही. पण त्याला आहे तिथे रोखता येतं."

मी मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दहावी शिकले आहे. घरची थोडी धानाची शेती, आणि बाकी दिवस दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणी आणि कापणी. बारा बायांची आमची टोळी आहे आणि मी तिची मुकादमीण. त्या वर्षी कापणीच्या वेळी धानाचा भारा डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून चालताना मला दम लागायला लागला. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. सकाळचा खोकला तर कधीपासूनचा होता, त्याला मी आजार म्हणतच नव्हते. पण टोळीला हाक मारायला गेले की हाक अर्ध्यात तुटायची, तेव्हा मात्र घाबरले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात दोन दिवस गेले. छातीचा एक्स-रे झाला. टीबी आहे का पाहायला बेडका तपासला, तो नव्हता. मग स्पायरोमेट्री. यात नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि जोरात फुंकायला सांगतात. किती हवा किती वेगाने बाहेर पडते ते यंत्र मोजतं. तिथली मुलगी ओरडत होती, "फुंका, फुंका, अजून फुंका!" पंचवीस वर्षं चूल फुंकलेली बाई मी, तरी तीन फुंकांत डोळ्यांपुढे अंधारी आली.

घरी आल्यावर नवऱ्याने पहिलं काम काय केलं असेल, तर चूल फोडली. गॅस घरात होताच, पण तो फक्त चहापुरता. आता भात, भाजी, अंघोळीचं पाणी सगळं गॅसवर. शेजारच्या बाया बघायला आल्या आणि बिचाऱ्या चुलीला शिव्या घालून गेल्या. मीही घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी गत त्या चुलीची झाली.

कारण माझ्या कंबरेच्या पिशवीत बिडीचा कट्टा, म्हणजे अख्खं बंडल, रोजचा होता.

बाईने बिडी ओढायला सुरुवात केली तरी कशी, असं वाचणाऱ्याला वाटेल. तर ऐका. रोवणीत बाई सकाळपासून कंबरेत वाकलेली असते. पाय चिखलात, हातात पऱ्ह्यांची मूठ, म्हणजे उपटून आणलेली धानाची रोपं, आणि मागे मागे सरकत एकेक रोवत जायचं. रोजीच्या कामात मधे कोणी नुसतं बसलं की मालक म्हणणार, "काहून बसली?" पण बिडी ओढणाऱ्या गड्यांना आणि बायांना थोडा वेळ धुऱ्यावर बसायची मुभा असायची. कोणी लिहिलेला नियम नव्हता, पण सगळीकडे तसंच चालायचं. ज्याच्या हातात बिडी, त्यालाच सुट्टी. बाकीच्यांनी रोवत राहायचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच रोवणीत तिसऱ्या दिवशी मी बांधीत रडायला लागले. कंबर सरळ होईना. तेव्हा टोळीतल्या कौतिकाने मला हाताला धरून धुऱ्यावर नेलं आणि बिडी पेटवून माझ्या हातात दिली. "धर वं मंदा. पेऊ नको, नुसती हातात धर. नाही तं कंबर मोडन तुही." तिच्या मनात दयाच होती, दुसरं काही नव्हतं. दोन दिवस मी नुसती धरली. तिसऱ्या दिवशी ओढली.

पुरुषाने ओढली तर व्यसन, बाईने ओढली तर तिची चाल वाईट. म्हणून गावात सगळ्यांना माहीत असून कोणालाच माहीत नव्हतं. पानठेल्यावर पुरुष दिवसभर धूर सोडतात, त्यांना कोणी विचारत नाही. मला मात्र माझ्याच आजाराच्या कागदावर खरं लिहून घ्यायची चोरी होती. याचा राग मला आजही येतो.

उन्हाळ्यात, नवतपा म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस लागायच्या आधी, पुन्हा तपासणीला गेले. नवऱ्याला काम होतं म्हणून सोबत कौतिका आली. पुन्हा चिमटा, पुन्हा नळी. आकडा आधीपेक्षा खाली गेला होता. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "चूल बंद केली म्हणता, इनहेलर घेता म्हणता. मग हे खाली का येतंय?" इनहेलर म्हणजे तोंडाने ओढायचं औषध, ते सरळ नळ्यांपर्यंत पोचतं. ते मी नेमाने घेत होते. ते ओढून झालं की बिडीही नेमाने ओढत होते.

कौतिकाने मला कोपर मारलं. "सांग वं." तिने दुसऱ्यांदा मारलं, या वेळी जोरात. "तू सांगतं का मी सांगू?"

मी म्हणाले, "साहेब, मी बिडी पिते. पंचवीस वर्षं झाली. दिवसाला एक कट्टा."

डॉक्टरांचा पेन थांबला. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हे मी पहिल्या दिवशी तुम्हाला विचारायला हवं होतं. चूक माझी." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता नीट ऐका. जे फुप्फुस गेलं ते परत येणार नाही. बिडी आज सोडली तर घसरण मंदावेल, तुम्ही काम करत राहाल. नाही सोडली, तर शेत राहू द्या, घरातल्या घरात चालताना दम लागेल. पुढे ऑक्सिजन लावून बसावं लागेल."

म्हणून सांगते बायांनो, तुमच्याकडे कोणी बघून विचारत नसेल, तर न विचारता सांगा. बिडी असो, नाकात ओढायची नस असो, दातांना घासायचा गुडाखू असो. डॉक्टरपुढे लाज धरून बसलात, तर औषध घेऊनही आजार वाढतच जातो.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की मी डॉक्टरांना बोलून आले. तो म्हणाला, "मले मालूम होतं."

"मंग त्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

"चारचौघात तुही लाज काहाडू का मी?"

"माही लाज राखता राखता माहा श्वास चालला होता," मी म्हणाले. मनाने वाईट माणूस नाही तो, पण त्या दिवशी मी त्याच्याशी अबोला धरला आणि तो मला अजूनही योग्यच वाटतो.

बिडी सोडणं म्हणजे काय ते पुस्तकात वाचून कळत नाही. डोकं ठणकतं, हात रिकामे वाटतात, संडासला होत नाही, आणि जो समोर येईल त्याला चावावंसं वाटतं. डॉक्टरांनी निकोटिन गम दिला होता. हे चघळायचं औषध, त्यात तंबाखूतलं निकोटिन थोडं थोडं मिळतं म्हणजे तलफ सोसवते. ते नुसतं चावून गिळायचं नसतं, गालात दाबून ठेवायचं असतं. मी पहिल्यांदा शेंगदाण्यासारखं चावलं आणि उचक्या देत बसले.

मग आमच्या टोळीने ठरवलं की हिला एकटी सोडायची नाही. अनसूया माझ्यासाठी एक दिवस खर्रा घेऊन आली. सुपारी आणि तंबाखू घोटून करतात तो. "बिडी सोडाची हाये ना? मंग हा खा, तलफ जाते." बिचारी मनापासून म्हणत होती, आमच्याकडे कितीतरी लोक असंच करतात. कौतिकाने तिच्या हातातली पुडी घेतली आणि सरळ बोडीत, आमच्या गावतळ्यात, फेकली. "आगीतून काहाडून फुफाट्यात टाकतं का वं तिले?" अनसूया दोन दिवस फुगून बसली होती. तिसऱ्या दिवशी भाजलेली जवस आणि ओवा घेऊन आली.

बेबीने वेगळंच केलं. टोळीत तिने कधीच बिडीला हात लावला नव्हता. ती रोज सकाळी, मला तलफ यायची तेव्हा, दारात येऊन उभी राहायची आणि मला तळ्यापर्यंत चालायला न्यायची. मी वाटभर तिला बोल लावायचे, आणि ती म्हणायची, "देय शिव्या. शिव्या देवाले श्वास लागते, तेवढाच व्यायाम होते."

एकोणिसाव्या दिवशी मी हरले. घरी भांडण झालं, तिरीमिरीत कौतिकाच्या घरी गेले, तिच्या कोनाड्यातली बिडी घेतली आणि तिच्याच ओट्यावर बसून ओढली. ती बाहेर आली, तिने पाहिलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. तिने नुसतं विचारलं, "किती पेली?" मी म्हणाले एक. "एक पेली तं एकच पेली. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं म्हणून कोनी गाडी जाळते का? चाल, तोंड धू." त्यानंतर मी आजपर्यंत एकही ओढलेली नाही.

कौतिकाने स्वतः मात्र सोडली नाही. ती म्हणते, "मीच तुले लावली, मीच सोडवीन. माहं मले पाहू दे." माझ्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन ओढते. मी तिला आठ दिवसांतून एकदा तरी टोकते आणि ती मला तेवढ्याच नेमाने हाकलून लावते.

आता सोडून वर्ष होत आलंय. शेवटच्या तपासणीत आकडा होता तिथेच होता. वर गेला नाही. डॉक्टर म्हणाले, "खाली गेला नाही, हीच मोठी गोष्ट आहे." पण माझी खरी परीक्षा दवाखान्यात झाली नाही. ती झाली सोडल्यानंतरच्या पहिल्या रोवणीत.

डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिली होती, पण अट घातली होती. मधे मधे थांबायचं, पाठ सरळ करायची, ओठ आवळून हळू श्वास सोडायचा. आणि आमच्याकडे थांबायची सुट्टी तर बिडीवाल्यांनाच. बिडी नाही तर विसावा नाही, आणि विसावा नाही तर माझी रोवणी संपली. पहिल्या दोन दिवसांत मी थांबले नाही. दुपारी ओठ निळसर पडले, तेव्हा अनसूयाने माझ्या वाटणीची ओळ रोवली.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी पऱ्ह्यांची मूठ खाली ठेवली आणि धुऱ्यावर जाऊन बसले. मालक छत्री घेऊन समोरच उभा होता.

"मंदाबाई, काहून बसल्या जी?"

"सुट्टी हाये."

"बिडी तं सोडली म्हणत होत्या तुमी."

"सोडली."

"मंग सुट्टी कायची?"

माझा आवाज तुटला नाही. "इतके साल धूर घेवाले बसत होतो, मालक. आता हवा घेवाले बसली. येळ तेवढाच लागते."

मालक हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. "असं कराल तं उद्या साऱ्याच बसतीन."

तेव्हा बेबी उठली. अकरा वर्षं आमच्या टोळीत असलेली, बिडी न ओढणारी बेबी. आम्ही धुऱ्यावर धूर काढत बसायचो तेव्हा ती खाली वाकून रोवत असायची, आणि तिला "हात चालव" असं ओरडणारी मुकादमीण मीच होते. ती चिखलातून चालत आली आणि माझ्या शेजारी टेकली. "माही तं अकरा सालाची सुट्टी बाकी हाये, मालक," ती म्हणाली. मला तिच्याकडे पाहवेना. अनसूया आली. मग एकेक करून बाकीच्या आल्या.

लांबच्या धुऱ्यावर कौतिका एकटी बिडी ओढत बसली होती. मालकाने तिच्याकडे बोट केलं. "त्या बसल्या तं मी काही म्हणतो का? त्या पेऊन राहिल्या."

कौतिकाने ऐकलं. अर्धी बिडी तिने बांधीच्या पाण्यात टाकली, धुऱ्याधुऱ्याने चालत आली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. तिने दोन्ही हात उघडून मालकाला दाखवले. "घ्या. आता कोनीच नाही पेऊन राहिलं."

संध्याकाळी तिने पुन्हा ओढली, ते मी लपवत नाही. पण त्या वेळी आम्ही बाराही जणी रिकाम्या हातांनी बसलो होतो. मालक छत्री फिरवून पंपाकडे निघून गेला. मी ओठ आवळून सावकाश श्वास सोडला, पुन्हा घेतला. कोणाला घाई नव्हती. पुरेसं झाल्यावर मी टोळीला हाक मारली, ती हाक पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेली, आणि आम्ही उठून बांधीत उतरलो.