चावी कुवेतला, बंदूक गावात

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही मी सुन्न होतो. निवृत्ती जवळ आली होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा चार्ज घेऊन मला काही महिने झाले होते आणि रजा टाकून मी लेकीकडे कुवेतला, तिथल्या सलवा भागात आलो होतो. आरामाचा विचार होता. पोलिसाच्या नशिबात तो नसतो.

ठाण्यातून सहायक निरीक्षकाचा फोन आला. आंब्याच्या बागेत भरदुपारी छर्रे लागून एक मजूर बाई जागीच गेली होती. तिच्या घरच्यांशी वाटेवरून भांडणाऱ्या शेजाऱ्याने आदल्याच दिवशी ‘गोळी घालीन’ म्हणून धमकी दिली होती. त्याला अटक झाली, पण त्याच्याकडे बंदूक काही सापडेना.

“वाडीत परवान्याची बंदूक एकच, साहेब. वांदरांपासून बाग राखायला घेतलेली. ती कपाटात बंद होती. पंचांसमक्ष कुलूप तोडलं तर बंदूक आतच. घरात फक्त धाकटा भाऊ. तो म्हणतो, चावी मोठ्या भावाकडे. आणि मोठा भाऊ तुमच्याकडेच आहे, कुवेतला.”

शुक्रवारी मी जावयाच्या गाडीतून शहराबाहेरच्या अम्गरा भागात गेलो. त्या थोरल्या भावाचं तिथे भंगाराच्या यार्डात जुन्या सुट्या भागांचं दुकान होतं. मला इथे काडीचाही अधिकार नव्हता, हे मी आधीच सांगून टाकलं. नमाजाहून परतलेल्या त्या माणसाने तरी मला आदराने बसवलं, चहा मागवला. पाकिटातून त्याने बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, बाहेर काढलं. त्यामागे चावी होती.

“ही बघा साहेब. गेल्या रजेला कपाट लावलं, तेव्हापासून माझ्याजवळनं हलली नाय. भावाला हात लावू दिला नाय मी.”

माणूस खोटं बोलत असला की जास्त बोलतो. हा मोजकंच बोलत होता. मी विचारलं, “मधे निवडणूक झाली. तेव्हा गावी आला होतात?”

“नाय साहेब. सुट्टीच मिळाली नाय.”

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात. ती निवडणूक मी चार्ज घेण्याआधीची. मी तिथूनच ठाण्याला फोन लावला. “या घरची बंदूक निवडणुकीत जमा झाली होती का?”

“झाली होती ना, साहेब. भावाने आणून दिली, नंतर तोच घेऊन गेला.”

म्हणजे कपाट दुसऱ्या चावीने उघडलं होतं. निवडणुकीत चावी कुवेतला आणि बंदूक आमच्या ठाण्याच्या मालखान्यात! आमच्याच लोकांनी ती एकदा घेतली, एकदा दिली, आणि परवानाधारक कुठे आहे हे कुणी विचारलं नाही.

थोरल्याने सगळं ऐकलं होतं.  त्याने भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“दुसरी चावी कधी केलीस?”

 पलीकडून रडणं ऐकू आलं. “भाऊ, झाडावर वांदर हाय असा वाटला... आंब्यांची पाडप करायला बाई चढलीय, माला काय ठाव!”

“आत्ता उठ. ठाण्यात जा. दुसराच माणूस आत बसलाय.”

भाऊ ठाण्यात हजर झाला. दुसरी चावीही त्यानेच काढून दिली. शेजारी सुटला.

तेव्हापासून मी हेच सांगत आलोय. परवाना देताना आपण माणसाची वागणूक तपासतो, पण तो माणूस घरी राहतो का, हे तपासत नाही. परदेशी नोकरीला जाणाऱ्याने शस्त्र ठाण्यात जमा केल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये, असा नियमच हवा. आणि निवडणुकीत दुसऱ्याच्या हातून आलेली बंदूक तिथेच अडवायला हवी. हे आधी झालं असतं तर ती बाई आज जिवंत असती.

त्या दिवशी निघताना त्या थोरल्याने मला गाडीपर्यंत सोडलं. चावी अजून त्याच्या मुठीत होती.

“साहेब,” तो म्हणाला, “मी आपला समजत होतो, बंदूक माझ्या खिशात हाय.”

मी गाडीत बसलो. आम्ही ठाण्यातले लोकही तेच समजत होतो.