बरक्याचं पानातलं

जुलैचा पहिला रविवार. ठिकाण : हिंडलग्यातलं माझं घर. हजर : आई; संकेश्वरहून सकाळच्या बसनं आलेली थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का; निपाणीहून गाडीवर भिजत आलेला भाऊ, म्हणजे अण्णा; माझी लेक; आणि मी. काम एकच : आईला खायला लावणं.

मे महिन्यात आई तापानं पडली. ताप गेला, पण तोंडाची चव घेऊन गेला. भात मातीसारखा, भाकरी चामड्यासारखी, दूध म्हणजे चुन्याचं पाणी. दोन घास घेऊन ताट सारायची. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम संपलं, पोटात अन्न जाऊ दे. तेच जात नव्हतं. तिची ब्लाउजं मी दोनदा आत घेतली. आणि मग त्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली, "फणसाचं पानातलं असतं तर खाल्लं असतं बघ."

पानातलं म्हणजे फणसाच्या रसात भिजवलेला तांदळाचा रवा, गूळ-खोबरं घालून हळदीच्या पानात वाफवलेला. त्याला दुसरं नाव असेल, आमच्या घरात नव्हतं. आईनं ते करून कित्येक वर्षं झाली होती.

मी कामाला लागले. हळदीची पानं परसात होती. रवा, गूळ, नारळ, वेलदोडे आदल्या दिवशीच काढून ठेवले. बाजारातल्या फळवाल्याला फोन करून सांगितलं, चांगल्यातला चांगला फणस ठेव. त्यानं ठेवला.

अण्णानं हाताला आणि विळीला तेल लावलं, फणस फोडला. आत पिवळेधमक, टणक गरे. लेकीनं पहिला गरा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसली होती. तिनं एक गरा मागून घेतला, दोन बोटांत वाकवला. तो कट्कन मोडला.

"ह्यो कापा हाय गं."

"व्हय. चांगला म्हणून घेतलाय."

"चांगलाच हाय. खावा तुम्ही. पानातलं ह्याचं होत न्हाय."

आक्का हसायला लागली. "रव्यापासनं वेलदोड्यापर्यंत सगळं मांडून ठेवलंस, आणि फणस कुठला पाहिजे तेवढं इचारायचं ऱ्हायलं व्हय?"

खरं म्हणजे मला आठवायला हवं होतं. ज्यांच्या शेतात आई-आप्पा राबायचे, त्यांच्या बांधावर फणस होते. कापा बेळगावच्या बाजाराला जायचा. बरका, म्हणजे मऊ, बुळबुळीत, रसाचा फणस, कोणी विकत घेत नसे. तो कामाच्या माणसांना वाटून टाकायचे. आप्पा तो खांद्यावरून आणायचे आणि रस पाठीवर ओघळायचा. आई त्याचंच पानातलं करायची. कापा आम्ही फक्त गाडीत भरताना बघायचो. आता घेण्यासारखी परिस्थिती आल्यावर हात आपोआप काप्याकडं गेला. आम्हा तिघांनाही वाटलं होतं की आईला करून घालायचं तर चांगल्या फणसाचंच.

लेक म्हणाली, "मिक्सरला लावूया की." लावलं. घट्ट गोळा झाला, रस काही सुटेना.

"थोडं पाणी घालू?" मी विचारलं.

"पाणी घातलंस तर मी उठून आत जाईन," आई म्हणाली. फणसाचा रस पिऊनच रवा फुगला पाहिजे, हा तिचा कायदा.

अण्णा बाहेर पडला. परत आला तो कुणाचीतरी बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊनच. तीत झाडाखाली पडून फुटलेला बरका, वास गल्लीभर. "मागच्या आळीत झाड हाय. बाई म्हणाली, सगळे न्या बाबा, माशा तरी जातील."

आई उठली. आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं ती उठेल. तिनं पदर खोचला, चाळण मागितली आणि कोपरापर्यंत हात घालून गरे रगडायला लागली. आठळ्या एकीकडं, तंतू एकीकडं, खाली दाट केशरी रस. आक्का रवा भाजत होती, मी गूळ चिरत होते. आईनं बोट चाटलं.

"गूळ कमी घाल. फळ लई गोड हाय."

विळीवरचा माझा हात थांबला. आक्कानं रवा हलवायचा सोडला. अण्णा खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. आईला गोड लागलं होतं. मी अर्धा गूळ परत डब्यात टाकला. आयुष्यात कुठल्या मापाचा एवढा आनंद झाला नव्हता.

पानांत थापलेल्या वड्यांनी वाफ धरली आणि हळदीच्या पानाचा वास घरभर गेला. पान सोडवलं की त्याच्या शिरा वड्यावर उमटलेल्या. वर तूप. आईनं एक संपवलं आणि ताट पुढं केलं.

"आई, बेतानं. पोटाला त्रास होईल," आक्का म्हणाली.

"झाला तर माझ्या पोटाला हुईल. तू वाढ."

आमच्याकडं कुणाची बुट्टी रिकामी परत पाठवत नाहीत. म्हणून मागच्या आळीतल्या बाईंसाठी मी काही वडे झाकून वेगळे ठेवले. चहाच्या वेळी झाकण उचललं तर खाली नुसती पानं. आई भिंतीला टेकून बसली होती, ओठाला तूप.

"अगं, त्या बाईंना काय देऊ आता?"

"आणि कर की. झाडाला काय कमी हाईत व्हय?"

आक्का संध्याकाळच्या बसनं गेली, अण्णा त्याच्या आधी. बुट्टी धुऊन ओट्याखाली पालथी घातली आहे. ती भरून द्यायची तर पानातलं करायला हवं, पानातलं करायचं तर बरका हवा, आणि बरका मागायला त्याच बाईंच्या दारात रिकामी बुट्टी घेऊन जायला हवं. अजून गेलेले नाही.