फाटकातली झडती

बाळांनो, पुढच्या महिन्यात आम्ही तुमच्याकडे येऊ. विमानतळावर आजोबा कुणी न सांगता हात वर करून उभे राहतील, तेव्हा हसू नका. म्हणून हे आधीच लिहिते.

आजोबा ज्या सोन्याच्या खाणीत कामगारांना खाली सोडणारं यंत्र चालवत, ती बंद पडलेली खाण बघायला आम्ही परवा गेलो. यंत्रघराला छप्पर नाही, मोठ्या चाकाच्या आऱ्यांत बाभूळ उगवली आहे. आजोबांनी चाकाजवळचा एक गंजका नट खिशात टाकला.

"इतक्या वर्षांत खडासुद्धा नेला नाही. एवढी आठवण नेतो."

शिस्त माझा धर्म, पण मी दुसरीकडे पाहिलं.

बाहेर फक्त फाटक उरलं आहे, भिंत नाही. शेळ्या बाजूनेच ये-जा करतात. आजोबा मात्र फाटकातूनच गेले आणि पूर्वी रोज सुटताना सोन्यासाठी झडती होई, त्या सवयीने हात वर करून थांबले. म्हातारा पहारेकरीही सवयीनेच उठला, त्याने खिसे चाचपले आणि नट बाहेर काढला.

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"तू कशाला तपासलंस?"

"तुम्ही हात कशाला वर केलेत?"

जागा सुटते, तिचा नियम अंगातून सुटत नाही. आजोबा नट घेऊन यंत्रघराकडे मागे फिरले.

सोनं संपलं, छप्पर गेलं. नट मात्र जागच्या जागी आहे.