गलबतावरची झोप

आमच्या कुंभारी गावात माझ्या शेजारी बसून विड्या वळणाऱ्या बाईला दिवसा झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बोलतानाही तिची बोटं चालूच. तिच्या लेकानं मस्कतला बोलावलं, तेव्हा "एकटी जात न्हाय" म्हणून तिनं मलाही नेलं.

तिथं लेकानं आम्हाला सूर्यास्त बघायला अरबी लाकडी गलबतात बसवलं. मांडीवर विड्यांचं सूप नव्हतं, हातात पान नव्हतं. गलबत हललं आणि ती घोरायला लागली.

"मावशी, उठवा की आईला. ह्याच्यासाठीच आणलंय हितं."

"सूर्य कुंभारीतबी बुडतो. झोप तितं मिळत न्हाय. राहू दे."

तो रुसला, पण तिचा फोटो काढला.

अंधारात ती जागी झाली. "गेला व्हय सूर्य?"

"गेला."

"जाऊ दे की."

तोंड उघडं टाकून झोपल्याचा तो फोटो तिनं कुंभारीतल्या घरी भिंतीवर लावलाय. त्याच्याखालीच बसून ती विड्या वळते.