नेहमीचं वाक्य

उत्तराताईंनी आजवर एकेचाळीस पुस्तकं लिहिली आणि त्यांतल्या एकावरही त्यांचं नाव नाही. नागपुरात कुणाला पंच्याहत्तरी लागली, कुणी मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालं, की घरच्यांच्या मनात येतं, बाबांचं आत्मचरित्र काढू या. बाबांना लिहायचा कंटाळा आणि मुलांना सवड नाही. मग कुणीतरी कुणाला तरी नंबर देतं आणि प्रतापनगरातल्या दोन खोल्यांत फोन वाजतो. उत्तराताई जातात, ऐकतात, लिहून देतात. प्रकाशनाच्या दिवशी मागच्या रांगेत बसतात, आणि उत्सवमूर्ती शालीचा पदर सावरत "मी जसं सुचलं तसं लिहीत गेलो" असं सांगू लागले, की सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवतात.

नाव नसल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. लोक विचारतात, हळहळतात, तेव्हा त्या हसून विषय बदलतात. त्यांच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगायची तर आधी त्यांची वही सांगावी लागेल.

ही वही म्हणजे लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेत हजेरीला असते तशी. माणूस बोलत असायचा, फोनवर रेकॉर्डिंग चालू असायचं, आणि घरी येऊन ते ऐकताना उत्तराताई वहीत मुद्दे टिपायच्या. पाच-सहा पुस्तकं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक जण आपलं आयुष्य जगावेगळं समजतो आणि सांगायला लागला की तेच ते सांगतो. म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. बालपणीच्या गरिबीला 'बा. ग.', गुरुजनांच्या ऋणाला 'गु. ऋ.', आणि बायकोचा विषय निघाला की 'ने. वा.' म्हणजे नेहमीचं वाक्य. ते असं: 'माझ्या यशात माझ्या सहधर्मचारिणीचा सिंहाचा वाटा आहे.' हे वाक्य बँकेच्या मॅनेजरच्या पुस्तकात आहे, कंत्राटदाराच्या पुस्तकात आहे, आणि ज्यांनी बायकोशी अकरा वर्षं अबोला धरला होता, त्या मुख्याध्यापकांच्याही पुस्तकात आहे. कुणी कधी तक्रार केली नाही. उलट ते पान आलं की बायका पदराने डोळे टिपायच्या.

दुसरी सवय भाषेची. उत्तराताई नागपूरच्या महाल भागात वाढल्या. गल्लीत खेळताना "मले दे" म्हणणारी पोर घराचा उंबरठा ओलांडला की "मला दे" म्हणायला शिकली, कारण वडील सरकारी कचेरीत आणि आईचा कान तिखट. घरात एकदा चुकून "काहून" तोंडातून निघालं, तर आईने तो शब्द दहा वेळा "का" असा लिहून घेतला होता. तेव्हापासून त्यांच्या हातून कागदावर 'मले' उतरलंच नाही. दुसऱ्याचं लिहितानाही नाही.

तर नरखेड तालुक्यातले मारोतराव. संत्र्या-मोसंबीची चांगली बाग, एकदा वाळल्यावर पुन्हा लावलेली, गावात मान, पंच्याहत्तरावं वर्ष. मुलगा दुर्गेश काटोलला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. त्याने वडिलांच्या अमृतमहोत्सवाला पुस्तक काढायचं ठरवलं. उत्तराताईंना त्याने एकच गोष्ट सांगितली. "मॅडम, भाषा शुद्ध पाहिजे. मोठे मोठे पाहुणे येऊन राहिले."

उत्तराताई एसटीने चार वेळा गेल्या. मारोतराव ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे, डोक्याला पांढरी टोपी. सांगता सांगता अडले, की आत तोंड करून विचारायचे, "काय वं, थे विहीर कोन्त्या साली खंदली?" आतून भांड्यांच्या आवाजात उत्तर यायचं, "मयुरा झाली त्याच्या आंधीच्या साली." मयुरा म्हणजे त्यांची थोरली लेक. ह्या घरातली सगळी सालं लेकरांवर आणि बैलांवर मोजलेली होती, आणि तो हिशोब मारोतरावांपेक्षा त्यांच्या बायकोला, सत्यवतीबाईंना पाठ होता. खरं तर निम्मं पुस्तक स्वयंपाकघरातून सांगितलं गेलं. उत्तराताईंनी ते सगळं एकाच आवाजात बसवलं, मारोतरावांच्या.

चौथ्या खेपेची गोष्ट. एप्रिलचं ऊन, दुपारचे तीन. मारोतराव बोलता बोलता थांबले आणि आत म्हणाले, "जा वं, बागेतली लाइन आली अशीन. मोटर चालू झाली का पाहून ये." सत्यवतीबाई डोक्यावर पदर घेऊन बागेकडे निघाल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर मारोतराव बोलायला लागले. त्या परत आल्या तेव्हा ते गप्प झाले, आणि बायकोकडे न पाहताच म्हणाले, "बाईले सांगतलं एक तुह्याबद्दल. बुकात वाचजो."

सत्यवतीबाई लाजल्या. सत्तरीची बाई, नातवंडांची आजी, आणि पदराचं टोक दातांत धरून चहा करायला आत पळाली. हे मात्र उत्तराताईंना आजही लख्ख आठवतं.

पुस्तक डिसेंबरात निघालं. 'कष्टाचा बहर' त्याचं नाव. एकशे साठ पानं, मुखपृष्ठावर संत्र्याची फांदी, आत मारोतराव पुण्याच्या प्राध्यापकासारखे बोलतात. प्रकाशन थाटात झालं. दुर्गेश खूश, पाहुणे खूश. दुसऱ्या दिवशी उत्तराताईंनी फोनमधलं सगळं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तो त्यांचा नेमच होता. माणसं ओघात नको नको ते बोलून जातात, भावाबद्दल, सुनेबद्दल. पुस्तक हाती दिलं की माझ्याकडे काही उरणार नाही, असा त्या पहिल्याच भेटीत शब्द द्यायच्या आणि तो कधी मोडला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता.

पुढच्या पोळ्याला मारोतराव गेले. कळलं तेव्हा उत्तराताईंनी दुर्गेशला फोन केला, चार शब्द बोलल्या. त्या वेळी त्यांच्या हातात एका डॉक्टरांचं पुस्तक होतं, त्यात त्या बुडून गेल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी दारात सत्यवतीबाई उभ्या. दुर्गेश त्यांना सोडून बाजारात गेला होता, तासाभरात न्यायला येणार होता. हातात कापडी पिशवी. तिच्यातून त्यांनी मोसंब्या काढून टेबलावर ठेवल्या आणि खालून पुस्तक काढलं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं आणि एका पानात लाल दोरा.

"चवथी शिकली मी," त्या म्हणाल्या. "ते गेले अन् मंग वाचाले घेतलं. बोट ठेवू ठेवू वाचलं बाई. दोनदा वाचलं. मले काई ते सापडलं नाई."

"काय सापडलं नाही?"

"ते म्हनले होते ना, बाईले सांगतलं, बुकात वाचजो म्हनून. ते."

सत्यवतीबाईंनी दोऱ्याचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे हाय का ते? हे सहधर्मचारिनी म्हंजे मीच ना जी? मुग्धाले विचारलं, माह्या नातीले, तर ते हासली. म्हने आजी, तूच. पन याच्यात सिंव्ह कुठून आला? ते कायले सिंव्हाचं बोलतीन बाप्पा? आमच्या इकडं त् बिबट्या राह्यते."

हसू यावं असं बोलणं होतं, आणि सत्यवतीबाई स्वतः थोडं हसल्याही. उत्तराताईंना हसता आलं नाही. चार शब्द हवेत म्हणून ही बाई नरखेडहून आली होती. नवऱ्याने आपल्याबद्दल जे एकदाच, आपल्याला बाहेर पाठवून, एका परक्या बाईला सांगितलं, ते तिला हवं होतं.

"थांबा, मी वही पाहते," असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. निळी वही कपाटातच होती. चौथ्या भेटीचं पान सापडलं. वर तारीख, खाली मुद्दे. 'विहिरीचं साल तपासणे.' 'मोसंबीची पहिली लागवड.' आणि तिसऱ्या ओळीत त्यांच्याच सुबक अक्षरात: 'पत्नी – ने. वा.'

बस. एवढंच. खाली रेघ मारून पुढचा मुद्दा.

त्या पलंगावर बसल्या. आठवायचा प्रयत्न केला. कूलर नव्हता, पंख्याचा आवाज होता, कुठेतरी कोंबडं ओरडत होतं. मारोतरावांचे ओठ हलताना दिसत होते. आवाज नाही. त्या वेळी त्या ऐकत होत्या का? खरं सांगायचं तर घड्याळाकडे पाहत होत्या. पाचची एसटी चुकली तर पुढची सातला. आणि घरी रेकॉर्डिंग ऐकताना बायकोचा विषय निघाला हे कळताक्षणी त्यांनी ते बोटाने पुढे सरकवलं असणार. एकेचाळीस पुस्तकांत त्या असंच करत आल्या होत्या. इतकी वर्षं ज्या शहाणपणाने काम केलं, त्याची त्यांना त्या क्षणी शिसारी आली.

पण हात तयारीचा होता. दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं तयार करणं हाच तर धंदा. वही मिटून बाहेर येईपर्यंत वाक्य जुळलं होतं, आणि ह्या वेळी त्यांनी ते 'मले-तुले'मध्येच जुळवलं.

"सापडलं," त्या म्हणाल्या. समोर बसून, वहीत पाहिल्यासारखं करत त्यांनी वाचलं, "'बाग वाळली तवा साऱ्यायनं मले नावं ठेवली. पन सत्यवतीनं एका शब्दानं नाई इचारलं, काहून असं केलं म्हनून. तिच्या जिवावर मी पुन्हा बाग लावली.'"

सत्यवतीबाई खाली मान घालून ऐकत होत्या.

"पुन्हा वाचा जी."

उत्तराताईंनी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा त्यांचाच आवाज त्यांना खोटा वाटला.

"सत्यवतीनं म्हनले?"

"हो."

"त्रेपन्न वर्सांत माहं नाव नाई घेतलं त्यायनं," सत्यवतीबाई शांतपणे म्हणाल्या. "लग्नात उखान्यात घेतलं असंन, तेवढंच. दुर्गेशची माय म्हनत. नाईतं 'वं' म्हनत." मग त्यांनी उत्तराताईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. "तुमी चांगलं लिवता, बाई."

उत्तराताईंना कानफटात बसल्यासारखं झालं. रेकॉर्डिंगभर मारोतराव 'दुर्गेशची माय' म्हणत होते, आणि पुस्तकात बरं दिसेना म्हणून त्यांनीच प्रत्येक ठिकाणी ते खोडून 'सत्यवती' केलं होतं. ते खोडता खोडता स्वतःही विसरून गेल्या होत्या.

त्यांनी वही मिटली. "मी खोटं वाचलं," त्या म्हणाल्या. "ह्यात काही नाहीये. मी ते लिहूनच घेतलं नाही. आणि आवाज होता तो पुसून टाकला. मला आठवत नाही हो, एक शब्द आठवत नाही. चुकलं माझं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या वतीने त्यांनी किती क्षमा मागितल्या होत्या, पण स्वतःची मागताना त्यांना धड वाक्यही जुळवता आलं नाही.

सत्यवतीबाई मोसंबीवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "पन बोलले होते ना जी? का नुसतं मले चिडवाले म्हनले?"

"नाही, नाही. बोलले होते. खरंच बोलले होते." उत्तराताईंना आता घाई झाली, जे हाती आहे ते देऊन टाकायची. "तुम्ही गेलात तशी त्यांनी टोपी काढली. गुडघ्यावर ठेवली. आणि बागेकडे पाहत बोलत होते, माझ्याकडे नाही."

"टोपी काढली?"

"हो. ते मला नक्की आठवतं."

"किती वेळ बोलले?"

"तुम्ही परत येईपर्यंत. तुम्ही दिसलात तेव्हा थांबले."

सत्यवतीबाई मनाशी काहीतरी मोजू लागल्या. ओसरीपासून बांध, बांधापासून विहीर, तिथून परत. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"दूर हाय जी विहीर," त्या म्हणाल्या. "पन त्या दिवशी मी पाय उचलून आली. तुमाले एसटीची घाई व्हती ना, म्हनून म्हतलं लवकर चहा ठेवाव."

बाहेर दुर्गेशच्या गाडीचा हॉर्न वाजला. सत्यवतीबाईंनी रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि "येतो बाई" म्हणून जिना उतरल्या. पुस्तक टेबलावरच राहिलं होतं, लाल दोऱ्यासकट. उत्तराताईंना ते दिसलं, पण त्यांना हाक मारवली नाही.