नडगीतली धग

कत्तलखान्यात त्याला सगळे 'घण' म्हणायचे. एका ठोशात समोरच्याचा जबडा निखळवणारा माणूस. तोंडाआधी हात चालायचा. धाकटा भाऊ त्याच्याच शेजारी मांस तोडायचा. एकदा घणाने चारचौघांत त्याच्या मुस्काटात भडकावली, तशी धाकट्याने सत्तूर भिरकावला. तो घणाच्या नडगीत हाडापर्यंत रुतला.

जखम वरवर भरली, आत धुमसत राहिली. पू आला की घण सुरी लालबुंद तापवून स्वतःच चटका द्यायचा, दातओठ खात. बायको म्हणाली, "डॉक्टरकडे चला," की तिच्या अंगावर भांडी फेकायचा. अशी वर्षं गेली. मग जखमेच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वर आल्या. शेवटी बायकोनेच धाकट्या दिराच्या मदतीने त्याला इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, जखमेचा तुकडा काढून पाहिला. "कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या.

"जखमेचा कॅन्सर? येड्यात काढता का?"

"जखम झाली की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. सायटोकाइन म्हणतात त्यांना. धावून या, वाढा, मांस भरा. जखम भरली की निरोप थांबतात. तुम्ही ती भरूच दिली नाहीत. त्या धुमश्चक्रीत काही पेशी बिघडल्या, आणि तेच निरोप त्यांना पोसत राहिले."

"रक्तात दिसलं हे?"

"रक्तात सायटोकाइन वाढलेत, पण ते साध्या तापातही वाढतात. खात्री तुकड्यानेच झाली. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल."

धाकटा तोवर कामावर परतला होता. घण लंगडत तडक कत्तलखान्यात गेला. बायको मागोमाग धावली. त्याने धाकट्याची गचांडी धरून त्याला ठोकळ्यावर आडवं पाडलं. "माझा जातो ना? मग तुझाही जाऊ दे!" सत्तूर खाली येताना बायकोने मध्ये हात घातला. तिची दोन बोटं तुटून पडली.

रक्ताकडे बघत ती एवढंच म्हणाली, "आता तरी भागलं का?"

पोलिसांना घणानेच सांगितलं, "मी तोडली." पाय कापला, कॅन्सर पसरला नव्हता. रक्त धाकट्याने दिलं. शिक्षा भोगून घण घरी आला, तर घराला कुलूप.

बायको आता बहिणीकडे राहते, उरलेल्या बोटांनी शिवणकाम करते. घण कुबडी टेकत तिच्या दारात जातो. ती त्याला पाणी देते, पेला परत घेते आणि दार लावते.